जिन्यात अडकलेला माणूस

माझ्या कादंबरीतला एक माणूस चौदा महिने जिन्यात उभा होता. हातात अर्धा लिटर दुधाची पिशवी. नवव्या प्रकरणात तो खाली दूध आणायला गेला, वर येताना त्याला बायकोचा फोनवरचा आवाज ऐकू आला आणि तो थबकला. प्रकरण मी तिथेच संपवलं. काय भारी शेवट झालाय, असं स्वतःलाच सांगत लॅपटॉप मिटला. त्यानंतर बारा प्रकरणं लिहिली. त्याच्याकडे परत जायचं राहूनच गेलं.

हे माझ्या लक्षातसुद्धा आलं नव्हतं. ऑफिसमधल्या एका मैत्रिणीला एकवीस प्रकरणांची प्रिंट वाचायला दिली होती. सोमवारी कॅन्टीनमध्ये डबा उघडता उघडता ती म्हणाली, ‘बाकी मस्त आहे गं. पण तो दूधवाला अजून जिन्यातच आहे का?’

‘दूधवाला नाही, नवरा आहे तो.’

‘तेच ते. बिचारा.’

मी हिंजवडीत टेस्टर आहे. दुसऱ्यांनी केलेल्या चुका शोधण्याचा मला दरमहा पगार मिळतो. कुठलं बटण दाबल्यावर काहीच होत नाही, कुठला फॉर्म भरून सबमिट केला की हवेत विरून जातो, हे मी झोपेतही सांगू शकते. आणि माझ्याच कादंबरीत एक जिवंत माणूस हवेत विरला होता. त्या दिवशी भेंडीची भाजी घशाखाली उतरली नाही.

तर कादंबरी अशी. पुण्यात नारायण पेठेत एक जुना वाडा आहे, तो पाडून बिल्डिंग व्हायची आहे. मालकांची मुलगी मुक्ता बारा भाडेकरूंच्या सह्या गोळा करतेय. ही झाली मेन स्टोरी. पण वाडा म्हटला की माणसं आली, आणि माणसं आली की त्यांच्या भानगडी आल्या. वरच्या मजल्यावरचं एक जोडपं वेगळं व्हायचं ठरवून बसलंय, पण अजून कुणाला सांगितलेलं नाही. (दूध तिथलंच.) दोन म्हातारे माळ्यावरच्या एका कोपऱ्यासाठी वर्षानुवर्षं कोर्टात भांडतायत. खाली मेस चालवणाऱ्या वहिनी आहेत. त्यांच्याकडे जेवणारा एमपीएससीचा एक मुलगा आहे, जो आपण प्रीलिममध्येच उडालोय हे गावी सांगत नाही. पानशेतच्या पुरात कुणीतरी विश्वासाने ठेवायला दिलेली एक ट्रंक आहे. आणि अण्णा आहेत. अण्णांचा धाकटा भाऊ फार वर्षांपूर्वी घरातून निघून गेला, तो आलाच नाही.

मोजा. एक मेन आणि पाच उपकथानकं. लिहिताना अजिबात त्रास होत नाही हो. नवं उपकथानक सुरू करणं म्हणजे क्रेडिट कार्ड स्वाइप करणं. त्या क्षणी सगळं छान वाटतं, पिशवी हातात येते, पैसे जात नाहीत. बिल येतं ते विसाव्या प्रकरणात.

एक्सेल नावाचा आरसा

त्या रात्री मी जे मला येतं तेच केलं. एक्सेल उघडलं. उभ्या रांगेत एकवीस प्रकरणं, आडव्या रांगेत सहा धागे. ज्या प्रकरणात जो धागा पुढे सरकतो, त्या चौकटीत एक ओळ. टेस्टिंगमध्ये आम्ही याला ट्रेसेबिलिटी मॅट्रिक्स म्हणतो. क्लायंटने मागितलेली प्रत्येक गोष्ट कुठेतरी तपासली गेली की नाही, हे एका नजरेत दिसतं. माझ्या शीटमध्ये जोडप्याचा कॉलम नवव्या ओळीनंतर स्वच्छ पांढरा होता. ट्रंक तिसऱ्या प्रकरणात येऊन थेट सतराव्यात. अण्णांचा कॉलम मात्र गच्च भरलेला. दर प्रकरणात काही ना काही, आणि पुढे सरकत काहीच नाही. फक्त वाट पाहणं.

यात मी काही वेगळं करत नव्हते म्हणा. जे. के. रोलिंगने हॅरी पॉटरच्या पाचव्या पुस्तकासाठी, म्हणजे २००३ साली आलेल्या ‘ऑर्डर ऑफ द फिनिक्स’साठी, रेघा मारलेल्या साध्या कागदावर हाताने असाच तक्ता केला होता. प्रकरण, महिना, मुख्य कथानक आणि पुढे प्रत्येक उपकथानकाला वेगळा रकाना. त्या कागदाचा फोटो पाहिला तेव्हा मला भलताच दिलासा मिळाला. एवढ्या मोठ्या बाईलासुद्धा सगळं डोक्यात ठेवता येत नाही!

पण तक्ता फक्त भोक कुठे आहे ते दाखवतो. ते कशाने बुजवायचं, ते नाही सांगत. मी बुजवलं ते असं: बाविसावं प्रकरण, वाड्यातली शेवटची पंगत. सगळे भाडेकरू अंगणात जेवायला बसलेत. जोडपं सर्वांसमोर सांगून टाकतं. म्हातारे एकमेकांना जिलबी भरवतात. मुलाला पोस्ट मिळाल्याचा फोन येतो. ट्रंक उघडते, आत दागिने निघतात. आणि दिंडी दरवाजातून अण्णांचा भाऊ आत येतो. अण्णा पानावरून उठतात, त्याला मिठी मारतात आणि रडतात. चौदा पानं. एका रविवारी लिहून काढली. शेवटचा फुलस्टॉप दिला तेव्हा मी स्वतःही थोडी रडले. खोटं कशाला बोला.

आईच्या ओळखीतल्या एका निवृत्त संपादक बाईंना ते नेऊन दिलं. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला आणि म्हणाल्या, ‘बाळ, हे गॅदरिंग झालं. प्रत्येक जण स्टेजवर येतोय, बक्षीस घेतोय आणि खाली उतरतोय.’

मी गप्प.

‘तू प्रत्येक दोऱ्याला वेगळी गाठ मारलीस. ते दोरे कशाला अडकवलेत ते बघ आधी. खुंटी कुठाय?’

खुंटी

बसमध्ये बसून मी आठवडाभर या एका शब्दावर विचार केला. सकाळी जाताना दीड तास, येताना कधी कधी दोन. हिंजवडीच्या ट्रॅफिकने मला एवढंच काय ते दिलं आहे.

पहिल्यांदा आठवला डिकन्स. ‘ब्लीक हाउस’ ही त्याची कादंबरी मार्च १८५२ ते सप्टेंबर १८५३ या काळात दर महिन्याला एकेक भाग करून आली. म्हणजे विचार करा, पाचवा भाग छापून लोकांच्या हातात गेला की मागे जाऊन काही दुरुस्त करायची सोयच नाही. आमच्या भाषेत, बिल्ड थेट प्रॉडक्शनवर. म्हणून तो प्रत्येक भागासाठी एक कागद घ्यायचा. डाव्या बाजूला स्वतःलाच प्रश्न: या पात्राला आता आणायचं का, की अजून थांबायचं? उत्तरही स्वतःच लिहायचं. उजव्या बाजूला प्रकरणांचा आराखडा. हे कागद लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये जपून ठेवलेत.

पण खरी गंमत कागदात नाही, खटल्यात आहे. या कादंबरीत सरदार घराण्यातल्या बाईपासून रस्ता झाडणाऱ्या पोरापर्यंत पात्रांची ही गर्दी, आणि मधोमध मृत्युपत्रावरून पिढ्यान्‌पिढ्या चाललेला एक दावा. बहुतेक सगळे कुठून ना कुठून त्या दाव्याला, त्याच्या कागदपत्रांना नाहीतर वकिलांना चिकटलेले. शेवटी नवं मृत्युपत्र सापडतं खरं, पण तोवर सगळी इस्टेट कोर्टखर्चातच संपलेली असते, म्हणून दावा बंद. त्यावर आयुष्य टांगून बसलेल्या माणसाच्या पायाखालची जमीनच सरकते. (आपल्याकडच्या जमिनीच्या केसेस पाहिलेल्या कुणालाही हे वाचून हसू येईल की रडू, सांगता येत नाही.)

दुसरं उदाहरण तर आपल्या घरचं. ‘अशी ही बनवाबनवी’, १९८८. कितीदा पाहिलाय? मी तर मोजणं सोडून दिलंय. चार मित्र, चौघांची चार प्रेमप्रकरणं, वर घरमालकीण लीलाबाई, शिवाय धनंजय मानेची नोकरी. एवढा पसारा, तरी कुठेही गुंता वाटत नाही. का? कारण सगळं एकाच खोटेपणावर टांगलंय: भाड्याने खोली हवी म्हणून दोघांनी बायका व्हायचं. सुधीर ‘सुधा’ नसता आणि परशा ‘पार्वती’ नसता, तर कुणालाच काही लपवावं लागलं नसतं. म्हणून ते एक खोटं उघडं पडलं की चारही दोरे एकदम मोकळे होतात. चार वेगळे क्लायमॅक्स लागत नाहीत.

माझी खुंटी कुठली? मला इतके दिवस वाटत होतं, वाडा. पण वाडा ही जागा झाली. खुंटी म्हणजे असं काहीतरी, जे प्रत्येकाकडून काहीतरी मागतं. ते सापडलं वाकड पुलाखाली, बस पंचवीस मिनिटं एका जागी उभी असताना. मुक्ता सह्यांसाठी जो फॉर्म घेऊन फिरते, त्यात एक रकाना असणारच: तात्पुरता पत्ता. वाडा पाडून बिल्डिंग होईपर्यंत तुम्ही कुठे राहणार?

एवढाच प्रश्न. त्या जोडप्याला आता लिहावं लागणार, एक पत्ता की दोन. मेस बंद होणार म्हटल्यावर वहिनी मुलाच्या घरी फोन करून विचारणार, पोरगं आता जेवणार कुठे, आणि तो फोन वडील उचलणार. माळ्याचा कोपराच राहणार नाही म्हटल्यावर दोन म्हाताऱ्यांनी तारखेला जायचं कशासाठी? पंगतीची चौदा पानं मी डिलीट केली. जिन्यातल्या माणसालाही फार काही लागलं नाही. दहाव्या प्रकरणात एक परिच्छेद. तो वर गेला, दार उघडंच होतं, बायको म्हणाली, ‘ऐकलंस ना? बरं झालं. दूध तापव.’

ट्रंकेला मात्र प्रश्न विचारला तर ती काही बोलेना. आणि मला ती सर्वांत प्रिय होती. त्यासाठी मी लायब्ररीत बसून नोट्स काढल्या होत्या. १२ जुलै १९६१ ला आंबी नदीवरचं पानशेत धरण फुटलं, त्या लोंढ्याने खाली खडकवासल्याचं धरण गेलं, आणि मुठेकाठच्या पेठांमधून पाणी शिरलं. नारायण पेठेतले कितीतरी वाडे त्या दिवशी बसले. त्या धांदलीत एक बाई शेजारणीच्या हातात ट्रंक देते आणि ‘आलेच’ म्हणून जाते. साठ पानं होती. चांगली होती, अजूनही वाटतं. पण तात्पुरता पत्ता या रकान्याशी तिचा काडीचा संबंध नव्हता. ओढूनताणून जोडली असती तर ट्रंकपण गेली असती आणि कादंबरीपण. ती साठ पानं आता ‘पुढची’ नावाच्या फोल्डरमध्ये आहेत. कापताना माऊसवरचा हात खरंच दोनदा मागे घेतला. आम्ही बगला ‘डिफर्ड’ असा शिक्का मारतो तेव्हा डेव्हलपरचा चेहरा का खुलतो आणि क्लायंटचा का पडतो, हे दोन्ही एकदम कळलं.

म्हणजे सगळंच मिटवायलाच हवं असंही नाही. रेमंड चँडलरच्या ‘द बिग स्लीप’वर सिनेमा बनत होता (तो आला १९४६ साली), तेव्हा शोफरला नक्की कुणी मारलं, असं त्याला विचारण्यात आलं. त्याने सांगितलं म्हणे, मलाही माहीत नाही. आणि ‘अॅना कॅरेनिना’मध्ये अॅना आणि लेविन, ज्यांच्या दोन कथांवर ते अख्खं पुस्तक उभं आहे, ते एकमेकांना भेटतात फक्त एकदा. तेही सातव्या भागात, एकूण आठ भागांपैकी.

उरले अण्णा.

लँडलाइन

आता इथे जरा खरं सांगायला हवं. अण्णांचा भाऊ मी कल्पनेतून काढलेला नाही. माझा एक काका १९९२ च्या जूनमध्ये घरातून गेला. बाबांचं आणि त्याचं आदल्या रात्री भांडण झालं होतं. त्याने नोकरी सोडली होती, बाबा काहीतरी बोलले. काय बोलले, ते मला कुणी सांगितलं नाही आणि मी विचारलंही नाही. आमच्या घरात हा विषय निघत नाही. श्रावणात त्याचा वाढदिवस येतो, त्या दिवशी आई खीर करते आणि कारण सांगत नाही.

कादंबरी सुरू केली तेव्हाच मी मनात ठरवलं होतं, याला परत आणायचा. बाबांसाठी. निदान कागदावर तरी.

म्हणून ती पंगत डिलीट करण्याआधी मी बाबांना वाचायला दिली होती. त्यांच्या डोळ्यांसाठी टाइप मोठा करून प्रिंट काढली. बाबा बँकेतून रिटायर झालेत, कागद हातात आला की आधी पानांचे नंबर तपासतात. दोन दिवस ती चौदा पानं टीपॉयवर पेपरखाली पडून होती. तिसऱ्या दिवशी मी ऑफिसमधून आले तर ते गॅलरीत बसलेले.

‘वाचलं,’ म्हणाले.

‘मग?’

‘तो एवढ्या सहज आत आला नसता.’

मी काही बोलले नाही.

‘आणि मी असा रडलो नसतो. आधी भांडलो असतो. एवढी वर्षं कुठे होतास म्हणून.’ मग बऱ्याच वेळाने, ‘तू त्याचं परत येणं लिहिलंस. माझं काय, ते नाही लिहिलंस.’

मला वाटलं, झालं, चिडले. आणि विषय बदलायचा म्हणून मी नेमका तोच विषय काढला, ज्यावरून आमचं दर महिन्याला वाजतं. टीपॉयवर फोनचं बिल होतं. आमच्याकडे अजून लँडलाइन आहे. १९९० मध्ये लागलेली. घरात तीन मोबाइल, इंटरनेट वेगळं, आणि हा डबा वाजतो तो फक्त कुणाला तरी कर्ज विकायचं असलं की. मी म्हटलं, ‘बाबा, हे आता काढूया ना. उगाच पैसे.’

‘त्याला दुसरा नंबर माहीत नाही,’ बाबा म्हणाले.

इतकं साधं. इतकी वर्षं मी त्याला हट्ट समजत होते. मग आईने आतून सांगितलं, मधे सगळ्या नंबरांच्या आधी दोनचा आकडा लागला ना, तेव्हा हे दोन रात्री झोपले नव्हते. जुना नंबर फिरवला तर काय ऐकू येतं, ते बाहेरच्या बूथवर जाऊन चार-चारदा बघून आले होते.

त्या रात्री मी जेवले नाही. एक्सेल उघडलं आणि अण्णांचा कॉलम पाहिला. सगळीकडे मी एकच लिहून ठेवलं होतं: वाट पाहतात. वाट पाहणारा माणूस काय काय करतो, ते मला माहीतच नव्हतं.

आता कादंबरीत अण्णा सही करत नाहीत. बारापैकी अकरा सह्या झाल्या, बारावी होत नाही. सगळ्यांना वाटतं म्हातारा जास्त पैशांसाठी अडून बसलाय. बिल्डर दोनदा रक्कम वाढवतो. अण्णा नाहीच म्हणतात. आणि गंमत बघा, जो धागा मला सर्वांत निकामी वाटत होता, त्यानेच बाकीचे ओढायला सुरुवात केली. सही अडली म्हणून वाडा चार महिने जास्त उभा राहिला. त्या जोडप्याला, पत्ते दोन लिहूनही, चार महिने एकाच खोलीत काढावे लागले. मुलाला वडिलांकडून आणखी एका परीक्षेपुरती मुदत मिळाली. दोघे कोर्टवाले म्हातारे अण्णांविरुद्ध एक झाले आणि आयुष्यात पहिल्यांदा एका रिक्षात बसून वकिलाकडे गेले. यातलं काहीही मी ठरवलेलं नव्हतं. एक जागची हलत नाही म्हटल्यावर बाकीचे आपोआप हलले.

अण्णांचं कारण मुक्ताला कळतं ते अठराव्या प्रकरणात. भावाला हाच पत्ता माहीत आहे. शेवटी ते सही करतात, पण एक अट घालून. नव्या बिल्डिंगच्या खाली पत्रपेट्या असतील ना? त्यातली एक त्याच्या नावाची. फ्लॅट नसला तरी चालेल.

भाऊ येत नाही. तो कुठे गेला, जिवंत आहे का, हे मी लिहिलेलं नाही. मलाही माहीत नाही.

शेवटचा ड्राफ्ट बाबांनी एका बैठकीत वाचला. पानांचे नंबर न तपासता. एकोणिसाव्या प्रकरणात मी अण्णांच्या खोलीत एक जुना काळा फोन ठेवला होता, आणि भिंतीवर पेन्सिलने लिहिलेला त्याचा नंबर. त्यावर बोट ठेवून म्हणाले, ‘हा काय नंबर घातलायस?’

‘असाच, मनाने.’

‘बरोबर. आपला घालू नकोस हो.’

कागद नीट लावून त्यांनी माझ्या हातात दिले. स्वयंपाकघराच्या दारापर्यंत गेले, पाणी प्यायले, परत आले.

‘किंवा घाल,’ म्हणाले.

मागच्या आठवड्यात प्रकाशकांकडून प्रुफं आली. एकोणिसाव्या प्रकरणात समासात मुद्रितशोधकाने विचारलंय, हा नंबर खरा असल्यास काढावा का? मी शेजारी लिहिलं, राहू द्या.